टोपलीवरची थाप

कोलशेतच्या नाक्यावर एक कोळीण दर रविवारी निवट्या विकायला बसते. खाडीच्या चिखलातले हे मासे जिवंतच विकतात. गिऱ्हाईक आलं की ती टोपलीवर थाप मारते आणि निवट्या टणाटण उडतात. हीच तिची जाहिरात.

खाडीत कुणाच्या तरी मालवाहू बार्जमधलं तेल सांडलं, त्यानंतरच्या रविवारी टोपली गप्प होती. एक साहेब म्हणाले, "मावशी, पेपरात आलंय, खाडी साफ झाली."

"साफ? मग घे, फुकट घे. घरी पोरांना घाल!"

तिने एक मेलेली निवटी त्यांच्या नाकाशी धरली. घासलेटचा भपकारा आला. साहेब मागे सरले.

"इकायला नाय आणली," ती मला, तिच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला, म्हणाली. "दाखवायला आणलीय."

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट, तोही प्राणिशास्त्राचा. निवटी ओल्या कातडीनेही श्वास घेते, तिच्यावर तेल बसलं की गुदमरते. तिची अंडीही चिखलातल्या बिळातच असतात, आणि तेल तिथेच मुरलंय. वरचं पाणी चकचकीत दिसलं म्हणून खाडी साफ झाली, हे लिहिणारे कुठे शिकले?

पुढचं गिऱ्हाईक आलं. सवयीने तिने थाप मारली. काहीच हललं नाही. तिने पुन्हा मारली, जोरात, जणू टोपलीत त्या बार्जचा मालकच बसलाय.