काठावरचा उकंडराव

उकंडरावचा मार खाल्ला नाई असा विहीर खांदणारा मानूस तवा आमच्या रिठदात सापडला नसता. बायकोनं खाल्ला, सायानं म्हंजे बायकोच्या भावानं खाल्ला, घणवाल्याईनं तर रोजच्या भाकरीसारखा खाल्ला. अन् मारणारा मानूस कसा? बुटका, काटकुळा, मोठ्या आवाजात बोलला तर खोकला येणारा.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचं साल. दुष्काळ सरला होता पण लोकाईच्या पोटातलं भेव सरलं नव्हतं. ज्याले त्याले आपल्या वावरात विहीर पाह्यजे होती. वरची माती कोनी बी काढे. खाली काळा दगड लागला का मंग घणानं भोक पाडा, भोकात सुरुंगाची दारू भरा, वात सोडा, वरून माती घालून ठासा, अन् पेटवून पळा. हे भरण्याचं काम बौद्धपुऱ्यातल्या उकंडरावच्या टोळीचं. पण उकंडराव स्वतः खाली उतरत नसे. तो काठावर बसे, अन् खाली जाणारी हरेक वस्तू त्याच्या हातावरून जाये.

पहिले पाहे, वस्तू कायची हाय. मंग पाहे, किती हाय. दारूची चिमूट तळहातावर चोळे. गोळी झाली का डब्बा परत. कोरडी निंघाली तर जर्मनच्या गिलासात काठाच्या एक बोट खालपर्यंत मोजून दे. कमी चाले, जास्त नाई. माती चाळलेली पाह्यजे. ठासायचा दांडा, म्हंजे ठासणी, सागाची नाईतर निखळ पितळेची. लोखंड आणलं का त्याच लोखंडानं आणणाऱ्याच्या पाठीत.

"अबे, खाली गेल्यावर पाह्य ना," घणवाले म्हणत.

"खाली गेल्यावर काय पाह्यतं? भोकात गेलेलं माघारी येते काय?"

मेडशीच्या एका विहिरीत त्याच्या थोरल्या भावानं लोखंडी पहारीनं सुरुंग ठासला होता. पहार दगडाले घासली, ठिणगी पडली. उकंडराव वर दोर धरून होता. भाऊ दोन टोपल्यात वर आला. उकंडरावनं दोर गुंडाळून ठेवला, ज्यानं पहार खाली देली होती त्याले गाठलं, अन् त्याचा कान दातानं तोडून थुकला. तवापासून तो काठावर.

त्याची बायको भागिरथा माती चाळे. एकदा तिच्या मातीत खडा सापडला. ह्यानं चाळणीचा काठ तिच्या बोटावर हाणला. तिनं मूठभर माती त्याच्या डोयात फेकली अन् म्हने, "पहिले आपले डोये चाळून घ्या!" असा संसार. पण पुढच्या टोपल्यात खडा नव्हता.

माणिकराव म्हंजे गावातला मोठा कास्तकार. त्याच्या विहिरीत सुरुंग भरायले भागिरथाचा भाऊ देवमन होता. गडी पहेलवान, पण तोंडाळ. त्यानं एक दिवस गिलासात दारू शीगभर घेतली. उकंडरावनं कमरेत अशी लाथ घातली का पहेलवान गोट्याच्या ढिगावर उपडा पडला, ओठ फाटला.

"भाऊजी, सायाले कुत्र्यावानी मारता?"

"कुत्र्याले समजलं असतं."

टोळी हसली. मार देवमननं गिळला असता, हसणं त्याले गिळलं नाई.

दुसऱ्या दिवशी माणिकराव नवी ठासणी घेऊन आला. सागाच्या दांड्यानं काम हळू होते म्हणून त्यानं लोहाराकडून घडवून आणली होती. टोक पितळेचं, झळझळीत. उकंडरावनं टोक पाह्यलं, दगडावर घासलं. ठिणगी नाई. मंग विळ्याच्या टोकानं दांडा खरवडला. वरचा पिवळा रंग उडाला अन् खाली काळं लोखंड निंघालं.

"हे नाई जात खाली."

"काहून? टोक पितळेचंच हाय ना? दगडाले टोकच लागते."

"टोकाची टोपी हाय, मालक. आज हाय, चार ठोके खाल्ले का निंघून जाईन. आंग लोखंडाचं हाय."

"माही विहीर, माही वस्तू, अन् तू तपासून राह्यला?"

"वस्तू कोनाची हाय ते मी नाई पाह्यत. कायची हाय ते पाह्यतो."

माणिकरावच्या हातात बैल हाकायची तुतारी होती, टोकाले खिळा ठोकलेली. गावातल्या लोकाईसमोर बौद्धपुऱ्यातल्या माणसानं वस्तू परत करावी, हे त्याच्या डोस्क्यात गेलं. त्यानं खिळा उकंडरावच्या मांडीत खुपसला. उकंडराव कळवळला, पण तुतारी त्यानं मुठीत पकडली. हिसकून घेतली अन् माणिकरावच्या नडगीवर घातली. दांडा मोडला. माणिकराव खाली बसला, तसाच बसल्याबसल्या त्यानं ती ठासणी विहिरीत फेकली.

"देवमन! घे! ठास!"

तीन पुरुस, म्हंजे तीन माणसाईच्या उंचीएवढी खोल विहीर. तळाले देवमन एकटा. भोकात दारू पडली होती, वात सोडली होती, माती घातली होती, ठासायचं तेवढं राह्यलं होतं. त्यानं ठासणी उचलली.

"ठेव ते!" उकंडराव वरून ओरडला, अन् त्याले खोकला आला.

देवमननं वर पाह्यलं. फाटक्या ओठानं हसला. "काल हसले ना भाऊजी? आता पाहा, साया कसा ठासते!" अन् पह्यला ठोका घातला. दुसरा घातला.

उतरायले वेळ नव्हता. ओरडून तो ऐकणार नव्हता. उकंडरावनं नारळाएवढा गोटा उचलला, दोन्ही हातानं डोस्क्यावर धरला, नेम घेतला अन् सोडला.

आवाज झाला तो दगडाचा नव्हता, हाडाचा होता. देवमनचा उजवा कोपर उलटा वाकला. ठासणी हातातून सुटली, अन् त्याची बोंब साऱ्या शिवारात गेली.

उकंडराव रक्ताच्या पायानं दोराले लोंबकळत उतरला. पहिले त्यानं पेण्याच्या पाण्याचं मडकं भोकात रिकामं केलं. मंग देवमनले टोपल्यात घातलं. मंग ठासणी घेऊन वर आला.

वर भागिरथा उभी होती. पहिली तिनंच हाणली. मंग माणिकरावच्या गड्याईनं त्याले आडवा केला अन् लाथा घातल्या. त्याच्या हातातली ठासणी हिसकून माणिकरावनं साऱ्याईले दाखवली.

"पाहा! टोपी हाय का नाई? शाबूत हाय! ह्या हरामखोरानं फुकट हात मोडला पोराचा!"

टोपी खरंच शाबूत होती. साऱ्या गावानं पाह्यली.

भागिरथानं खाली वाकून इचारलं, "गोटा डोस्क्यात बसला असता तं?"

"हात पाहून मारला."

"नेम चुकला असता तं?"

"तं डोस्क्यात बसला असता," उकंडराव म्हने, अन् रक्त थुकला.

तिनं त्याच दिवशी भावाले घेऊन माहेर गाठलं. पण हात बसवणारा हाडवैद्य रिठदचाच, म्हणून मागंपुढं दोघंही परत आले. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून हात बांधला तो वाकडाच जुळला. पहेलवानी संपली. ज्या दिवशी कामट्या सुटल्या त्या दिवशी देवमन सरळ विहिरीवर आला. उकंडराव दुसऱ्याच्या वावरात काठावर बसून दारू चोळत होता. देवमननं डाव्या हातानं त्याचं तोंड फोडलं. दोन दात पडले. उकंडरावनं हात उचलला नाई. टोळीतलं कोनी मधात गेलं नाई.

"टोपी निंघाली होती? सांग! निंघाली होती?" देवमन मारता मारता रडत होता.

"नव्हती निंघाली."

"मंग?"

"दोनच ठोके झाले होते."

देवमन थांबला. उकंडरावनं डब्बा जवळ ओढला, सांडलेली दारू बोटानं गोळा केली, तिच्यात त्याचंच रक्त पडलं होतं. ओली झाली म्हणून ती त्यानं फेकून देली.

"डावा बरा चालून राह्यला तुहा," तो फुटक्या तोंडानं म्हने. "मातीवर बस. तुही बहीन एकटीच चाळून राह्यली."

देवमन त्याच्या पायाजवळ थुकला अन् निंघून गेला. चार दिवसांनी आला. भागिरथाच्या समोर बसला, चाळणीचा एक काठ डाव्या हातात धरला, दुसरा वाकड्या कोपरात अडकवला, अन् चाळता चाळता दिवसभर भाऊजीच्या सात पिढ्याईचा उद्धार केला. संध्याकाळी उकंडरावनं त्याचं टोपलं बोटानं उकरून पाह्यलं. टोपलं दोराले बांधलं अन् खाली सोडलं.