ओजिमाच्या गॅलरीतला साहेबाचा टवका

...तर काल आपण लोट्यापाशी थांबलो होतो. रोज सकाळी साडेसातला बाळासाहेब गवंडी गॅलरीतल्या दगडावर लोटाभर पाणी घालायचे. एकदा ते खालच्या मजल्यावरच्या ओकादा-सानच्या वाळत घातलेल्या गादीवर ठिबकलं, तेव्हा सून दिपालीनं दगडाखाली ट्रे सरकवला आणि तंटा मिटला.

दगड केवढा, तर मुठीएवढा. गावी किल्ल्याच्या पायथ्याशी व्हिटकम साहेबाच्या आठवणीचा चिरा आहे, त्याचा टवका. चिऱ्याला रोज पाणी घालायचा मान पाच पिढ्या गवंड्यांच्या घराकडे. साहेबानं गावाला हौद बांधून दिला, त्याची ही उतराई. मुलगा विनय त्यांना टोकियोत, ओजिमाला घेऊन आला तेव्हा बाळासाहेबांनी कपडे कमी घेतले, पण टवका घेतला. इथल्या बागेत आपली मंडळी जमली की साहेबाची सगळी कारकीर्द ते तोंडपाठ सांगत. कंपनी सरकारचा साधा लेफ्टनंट, पण घाटात रस्ता काढला, नदीवर पूल टाकला, आणि मग थेट फौजेचा सरदार झाला. सांगताना छाती अशी फुगायची, जणू पुलाचे दगड यांनीच घडवलेत.

हेच ऐकत वाढलेला नातू स्वानंद क्योतोला त्याच साहेबावर पीएचडी करायला बसला. सोमवारी प्रबंध द्यायचा, आणि शनिवारी हा ओजिमात हजर.

"काय डॉक्टर, आमचा साहेब काय म्हणतोय?" बाळासाहेबांनी विचारलं.

स्वानंद हसला नाही. समोर बसून त्यानं साहेबाचा स्वतःचा अहवाल मराठीत सांगायला घेतला. किल्ला पडत नव्हता. वर पाण्याचं टाकं होतं, त्याला खालून एक चोरवाट होती. त्या वाटेनं सुरुंग नेऊन साहेबानं टाकं उडवलं. शेजारच्या गुहेत लपलेली बायकापोरं त्यात मेली, एकोणचाळीस. त्याच टाक्याचे चिरे खाली आणून पुढं गावचा हौद बांधला. आणि चोरवाट दाखवली राणोजी गवंड्यानं. त्याला इनाम, ओढ्याकाठचं बारा बिघे रान.

"राणोजी दुसरा कुणी असेल," बाळासाहेब म्हणाले.

पण रान दुसरं नव्हतं. तेच विकून विनय इंजिनियर झाला होता, त्याच्याच जोरावर सगळे इथवर आले होते.

दिपालीनं गॅस बंद केला. नाव गाळून टाक, असं तिनं सुचवलं. 'एक स्थानिक गवंडी' लिहिलं तरी परीक्षकांचं काही अडत नाही. गावी भाऊबंद राहतात, उद्या लोक त्यांच्या दारात थुंकतील. स्वानंद म्हणाला, आजोबा सांगतील तसं. बाळासाहेब न जेवताच उठले.

रविवारी साडेसात वाजून गेले तरी लोटा पालथाच. बाळासाहेब फ्रीजवरचा कचऱ्याच्या वारांचा तक्ता न्याहाळत उभे होते. दगड कुठल्या वारी नेतात, त्यांनी सुनेला विचारलं. दगड कुठल्याच वारी नेत नाहीत, ती म्हणाली.

मग ते गॅलरीत गेले. कोरडा टवका ट्रेमधून उचलला आणि आत येऊन स्वानंदच्या कागदांवर ठेवला.

"आजोबा, तुम्हीच सांगा. नाव ठेवू की काढू?"

"ठेव. राणोजी बिन सटवाजी गवंडी, गावासकट लिही. आणि त्या एकोणचाळीसांतलं एखादं नाव सापडतंय का बघ. पाणी कुणाला घालायचं होतं, ते तरी कळू दे मला."