विहिरीतला आमचा थर

पुनावळ्यातली आमची विहीर बिल्डरनं नाही, मीच बुजवली. स्वतःचा डंपर होता, अंगात मस्ती होती. फाउंड्रीची काळी वाळू, पाडलेल्या घरांचा राडारोडा, फुटक्या फरश्या, थर्माकोल, मिळेल ते ओतलं. विहिरीच्या काठावर साती आसरांचे सात शेंदरी दगड होते. पाणी बुजवायच्या आधी या जलदेवतांची ओटी भरून त्यांना टोपलीतून दुसऱ्या पाण्यावर न्यायचं असतं. आई रोज आठवण करायची. मी "उद्या नेतो गं" म्हणायचो. एका दुपारी डंपर मागे घेताना काठ ढासळला आणि सातही दगड खाली गेले. आईला थाप मारली, नदीवर पोचवले म्हणून.

यंदा माझ्या लेकीचं लग्न ठरलं. आई म्हणाली, "हळदीच्या आधी आसरांची ओटी भराया मला नदीवर घिऊन चल." नदीवर तर आसरा नव्हत्याच.

नेमका बुजवलेल्या विहिरीच्याच जागेवर टॉवरचा पाया खणत होते. मी लेकीला सगळं सांगितलं आणि तिला घेऊन तिथं गेलो. ती भूगर्भशास्त्र शिकलेली. खड्ड्याच्या कडेला उभी राहून म्हणाली, "बाबा, खाली कातळ, त्यावर मुरूम, आणि हा सगळ्यात वरचा थर आपला. पृथ्वीच्या इतिहासात माणसाचं वेगळं युग मानायचं का, यावर शास्त्रज्ञ भांडतायत."

"भांडतायत कशाला? मला विचारा म्हणावं. हा मीच ओतलाय."

ती हसली नाही. दोन तास आम्ही उकरत होतो. प्लास्टिक निघालं, वायरी निघाल्या, आसरा काही निघाल्या नाहीत. शेवटी मी त्याच राडारोड्यातले सात गोल तुकडे निवडले, नळाखाली धुतले, शेंदूर फासला. लाज वाटत होती, तरी फासला. आईला सांगितलं, नदीवर कशाला दगदग, त्यांनाच घरी आणलंय.

आईला आता नीट दिसत नाही. पदरात ओटीचे तांदूळ घेऊन, कुंकू लावायला एकेक दगड ती चाचपत गेली. तिसऱ्यावर बोट थांबलं. त्यातून लोखंडी तारेचं टोक बाहेर आलं होतं.

"ह्ये शिमिटाचं हाय."

मग मी सगळं कबूल केलं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं तारेचं टोक परत एकदा चाचपलं. लेकीनं तिला थराचं सांगितलं, लाखो वर्षांनीही तो तसाच राहील म्हणाली. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"मग तवा कुनी खनलं, तर त्यास्नी आमच्या आसरा घावतील का गं?"

"घावतील, आजी. पण त्या आसरा आहेत हे कुणाला कळणार नाही."

आईनं कुंकवाचा करंडा बंद केला. ओटीचे तांदूळ तिच्या पदरात तसेच राहिले.