विनी तोंडावर सांगायची

किस्से कुणी जमवायला जात नाही. काही माणसं शेजारच्या क्युबिकलमध्ये बसली की ते आपोआप साठतात. २००२ मध्ये सनीव्हेलच्या आमच्या चिप कंपनीत माझ्याकडे साठले ते विनीमुळे. विनी हाँगकाँगची, पन्नाशीची, आमची टेस्टिंग लीड. माणसात खोट दिसली की ती तोंडावर सांगायची, आधी कँटोनीजमध्ये, मग इंग्रजीत अर्थ. पाठीमागे मात्र अवाक्षर नाही.

पहिल्याच आठवड्यात मी दोनदा बॅज घरी विसरले. विनी म्हणाली, "मोठ्या डोक्याची कोलंबी." म्हणजे वेंधळी, डोकं एवढं मोठं, आत काही नाही. मी नागपूरची, कोलंबी तोवर ताटातही पाहिली नव्हती! पण रिसेप्शनवर येऊन माझ्यासाठी सही तिनंच केली.

पुण्याचा संजय मीटिंगमध्ये बोलायला लागला की थांबत नसे. विनीनं त्याला एकदा सुनावलं, "तुझ्याकडे चहापेक्षा थुंकी जास्त." संजय रागावला नाही. म्हणाला, यार, आमच्या पुण्यातसुद्धा इतका नेमका अपमान होत नाही.

टॉड दुपारी हळूच गायब व्हायचा. विनीनं त्याला 'सापांचा राजा' म्हटलं. पठ्ठ्या इतका खूश झाला, की अर्थ न विचारताच त्यानं क्युबिकलवर रबरी नाग लटकवला. सापांचा राजा म्हणजे कामचुकार, हे त्याला महिन्याभरानं कळलं. नाग त्यानं काढला नाही, पण नंतर तो सहाच्या आत कधी निघाला नाही.

मग लेऑफ सुरू झाले. आमचा डायरेक्टर केविन चिनी वंशाचा, पण जन्मानं इथलाच. इंग्रजीखेरीज काही बोलताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं. टेस्ट गाळायला त्यानंच लावलं होतं, म्हणून चिप रखडली. आता त्यानं आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावून विनीला सांगितलं, की वर विचारलं तर चूक हिची म्हणून सांग. नोकरीबरोबर माझा व्हिसाही जाणार होता.

"मी सांगणार नाही," विनी म्हणाली. उठता उठता तिनं कँटोनीजमध्ये काहीतरी म्हटलं आणि अर्थ न सांगताच दाराकडे निघाली. केविन टेबलाकडे बघत बोलला, कँटोनीजमध्ये. विनी दारातच थबकली.

माझी नोकरी वाचली, हे पुढच्या आठवड्यात कळलं. त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये मी तिला एवढंच विचारलं, की तू काय म्हणालीस?

"कंबरेत हाड नसलेला माणूस. म्हणजे कणाच नसलेला."

"आणि तो?"

"म्हणाला, माझे वडील शेवटपर्यंत मला हेच म्हणत होते."