सिप्रियनला न जमलेला कच्चा टाका

पाचूबंदरात जाळी शिवणारे पुष्कळ होते, पण सिप्रियनने शिवलेलं जाळं नुसतं चाचपूनही ओळखता यायचं. गाठ लहान, घट्ट आणि ओलं झाल्यावर आणखी आवळणारी. लहानपणी पोलिओने डावा पाय गेला, म्हणून तो होडीवर कधी चढला नाही. घरापासून पन्नास पावलांवर समुद्र, आणि हा जन्मभर छपराखाली बसून सुई चालवणारा. मी त्याला कोरडा कोळी म्हणून चिडवायचो. तो म्हणायचा, माझी जाळी जातात ना, मग झालं.

मी वसई कोर्टात कारकून. एक्क्याण्णव साली इथे फ्लॅट घेतला आणि संध्याकाळी मासळी आणायला गेलो की त्याच्यापाशी टेकायची सवय लागली. माणूस एक नंबरचा हेकट. तात्पुरतं, चालवून घे, असले शब्द त्याला खपत नसत. एका नाखव्याने एकदा घाईत सांगितलं की आजच्यापुरतं कसंतरी बांधून दे. सिप्रियनने जाळं उचलून त्याच्या अंगावर टाकलं आणि पुढचे दोन महिने त्याचं काम घेतलं नाही. मला तेव्हा या गोष्टीचं फार कौतुक वाटलं होतं. आता वाटत नाही.

फर्डिनंड त्याचा धाकटा भाऊ, चौदा वर्षांनी लहान. आईबाप लवकर गेले. सिप्रियनने त्याला वाढवलं, शिकवलं, मार्थाशी लग्न लावून दिलं आणि स्वतः मात्र तसाच राहिला. फर्डिनंड गोव्याला पर्यटकांच्या बोटीवर तीन वर्षं होता. तिथे तो पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली जायला शिकला. परत येताना मालकाने टाकून दिलेलं जुनं सामान घेऊन आला आणि बंदरात त्याला लगेच काम मिळालं. कुणाच्या बोटीच्या पंख्यात जाळं अडकायचं, कुणाचा नांगर तुटून तळाशी राहायचा. आमच्या गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. हा चाचपत जायचा आणि काम करून यायचा. तो पाण्यात असेपर्यंत सिप्रियनची सुई थांबलेली असायची.

त्या सामानात एक जॅकेट होतं. पाणबुड्याला खाली जायला अंगावर शिसं लागतं. पूर्वी ते कमरेच्या पट्ट्याला असायचं. या जॅकेटात कमरेशी दोन खिसे होते आणि शिसं त्यांत. प्रत्येक खिशाला एक लाल पट्टा. जिवावर बेतलं तर तो ओढायचा, खिसा शिशासकट निसटतो आणि माणूस वर येतो. पट्ट्याचं हे काम मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की खिसे धरून ठेवणारं वेल्क्रो खाऱ्या पाण्याने आणि चिखलाने मेलं होतं.

दोन हजार एकच्या डिसेंबरात पहिल्यांदा उजवा खिसा आपोआप गळून पडला. फर्डिनंड तिरका होऊन झपकन वर आला, नाकातून रक्त. आठवड्याने पुन्हा तेच, आणि या वेळी डोकं बोटीच्या बुडावर आपटलं. मार्था रडली. सिप्रियनने त्या दिवशी जेवायचं ताट सरकवून दिलं.

फर्डिनंड जॅकेट घेऊन छपराखाली आला तेव्हा मी तिथेच होतो. त्याने सांगितलं की दोन्ही खिशांना एकेक कच्चा टाका घाल, साध्या शिलाईच्या दोऱ्याचा, जोरात ओढला तर तुटेल असा. नवीन वेल्क्रो मुंबईहून येईपर्यंत चालेल. एवढं सांगून तो घाईने बोटीकडे गेला. का तुटायला हवा, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही दोघांनी विचारलं नाही.

सिप्रियनने जॅकेट मांडीवर घेतलं. जाळ्याला शिसं बांधण्यात त्याचा जन्म गेला होता. शिसं गळालं की जाळं वर तरंगतं, मासळी खालून जाते आणि नाखवा येऊन आईबाप काढतो. शिसं सुटता कामा नये, एवढा एकच नियम त्याला ठाऊक होता. भावाचं रक्त दोनदा शिसं गळाल्यामुळेच आलं होतं. त्याने साधा दोरा बाजूला ठेवला आणि जाळ्याचा नायलॉन घेतला. प्रत्येक खिशाला बारा गाठी. मी शेजारी बसून चहा पीत त्या मोजल्या आणि म्हटलं, सिप्रियन, आता खिसा बापजन्मात सुटत नाही. त्याला ते आवडलं, गालात हसला.

फर्डिनंडने जॅकेट पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा क्षणभर उतरला.

"दादा, एवढं पक्कं कशाला?"

"गाठ मारायची ती सुटाया मारायची का?"

फर्डिनंडने खिशावरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जॅकेट खांद्यावर टाकलं. दादाचं काम दादासमोर उसवायचं त्याच्या जिवावर आलं असणार. नंतर उसवीन म्हणाला असेल मनात. आणि खिसे गळेनात, कामं एकामागून एक होत गेली, तसं राहून गेलं.

फेब्रुवारीत एका बोटीचं जाळं खडकाला अडकलं. पाणी सहा वाव, म्हणजे छत्तीस फूट. वर ओढायची दोरी जाळ्यात गुंतते म्हणून फर्डिनंडने ती कमरेला बांधली नव्हती. अर्ध्या तासाने बुडबुडे यायचे थांबले. ओहोटीला दोघांनी बुडी मारून त्याला काढला. तो कशातही अडकलेला नव्हता. सिलिंडर रिकामा होता, जॅकेटात हवा भरायची नळी फाटली होती, आणि शिसं जागच्या जागी होतं. कच्चा टाका कशासाठी हवा होता, ते मला तेव्हा उमगलं.

लोक म्हणाले, हार्ट गेलं असेल. मीच ते जास्त जोराने म्हणालो. मातीला आलेल्या बायकांना मार्था सांगत होती, दादांनी एवढं पक्कं शिवून दिलं होतं, सामानात काही खोट नव्हती. सिप्रियन शेजारच्या खुर्चीवर बसून हे ऐकत होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पोलिसांकडून जॅकेट सोडवायला मी त्याच्याबरोबर गेलो. एक खिसा त्यांनी आतून कापला होता, त्यामुळे झाकणाच्या आतली कापडी चिठ्ठी वर आली होती. सिप्रियनने ती माझ्यापुढे धरली आणि काय लिहिलंय विचारलं. इंग्रजीत लिहिलं होतं की संकटात पट्टा ओढा, वजन सुटेल, खिसा कधीही बांधून टाकू नका. आयुष्यभर लोकांचे कागद अचूक वाचून दाखवणारा मी. म्हटलं, वापरल्यावर गोड्या पाण्याने धुवा, असं आहे.

त्यानंतर त्याने सुई हातात धरली नाही. जाळी परत पाठवली. दर रविवारी आणि मृतांच्या दिवशीही चर्चमधल्या मिस्साहून आला की नळाखाली जॅकेट धुवायचा, उलटं करून सावलीत वाळवायचा. कित्येक रविवार मी ते बघितलं. माझ्याच तोंडून निघालेलं खोटं तो बादलीत बुचकळत होता आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

दोन हजार सहाच्या दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आम्ही फर्डिनंडच्या कबरीवरचं गवत काढत होतो. मार्था मेणबत्त्या आणायला गेली होती. सिप्रियन खाली बघतच बोलला.

"दिनानाथभाऊ, त्या चिठ्ठीवर चित्र हाय. पट्टा ओढनारा हात. वाचता येत नाय मना, पन चित्र दिसतं."

माझ्या हातातलं गवत हातातच राहिलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याने मान हलवली. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, म्हणून धुवत राहिलो, म्हणाला.

"एक पट्टा वीतभर बाहेर आलाय, मुळाशी फाटलाय. गाठी बाराच्या बारा तशाच. त्यानं लय ओढलं असंल."

तो रडला नाही. मीच रडलो, पन्नाशीचा माणूस, लोकांच्या देखत. त्याने आपला रुमाल मला दिला आणि सांगितलं की मार्थाला यातलं काही कळू द्यायचं नाही.

तेवढ्यात ती आली. मेणबत्त्या लावल्या, फुलं नीट केली, पदराने हात पुसले. मग सिप्रियनला म्हणाली,

"दादा, आज तुमी नळावर जाऊ नका. जॅकेट मी सकालीच धुतलं. शिवन अजून कशी घट्ट हाय."

सिप्रियन म्हणाला, "बरं केलंस."