पेडगावच्या मुलीचा कान

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. परभणीतल्या मतिमंद मुलांच्या शाळेत मी नुकतीच लागले होते. पुण्याहून प्रशिक्षण घेऊन आल्यामुळे मुलांच्या वागण्यातलं सगळं आपल्याला कळतं, असं वाटायचं.

पेडगावची एक नऊ वर्षांची मुलगी आमच्याकडे राहायला आली. तिला बोलता येत नव्हतं. ती तळहातानं स्वतःच्या डाव्या कानावर मारत राहायची. गाल लाल व्हायचा. आई तिला शाळेत सोडून गेली आणि दोनच दिवसांत आंदोलनामुळे एसटी बंद पडल्या. आई येईपर्यंत थांबावं, डॉक्टरला दाखवावं, असं माझ्या मनातही आलं नाही. लक्ष वेधायला करते, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी उपाय सुरू केला. तिनं कानावर मारलं की तिच्याकडे पाठ फिरवायची. हात मांडीवर ठेवले की खडीसाखरेचा खडा. आठवड्याभरात मारणं थांबलं. हात मांडीवर घट्ट धरून ती बसायची आणि डोळ्यांतून पाणी वाहत असायचं. मी वहीत लिहिलं, 'चांगली सुधारणा.' ते पाणी मला दिसत होतं.

मग उशीवर पू दिसला.

डॉक्टरांनी कान पाहिला आणि मला विचारलं, "किती दिवस झाले?" पडदा फाटला होता. औषधानं पू थांबला, पण त्या कानानं तिला पुन्हा ऐकू आलं नाही.

गाड्या सुरू झाल्यावर आई आली. मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ लेकीचं डोकं चोळत बसली.

"त्या कानातून लय दिसापासून पानी यायचं, बाई. दुखाया लागलं की मारून घ्यायची."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलंच न्हाई. शिकलेल्या मानसाला ठावं असंल म्हून आमी गप बसलो."

त्यानंतर घरच्यांशी बोलल्याशिवाय आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मी एकाही मुलाला हात लावला नाही. सोबतच्या बाई वैतागायच्या, उगीच उशीर करता म्हणायच्या. मी ऐकून घ्यायचे.

ती मुलगी आणखी दोन वर्षं शाळेत होती. कान बरा झाल्यावर मी तिला खडीसाखर देऊन पाहिली. तिनं ती घेतली नाही. माझी चाहूल लागली, की ती ताठ बसायची आणि मी खोलीबाहेर जाईपर्यंत हलायची नाही.