लाकडी रायफल की काळी?

मंडळी, आज अबू धाबीच्या शिकार प्रदर्शनात बंदुकांच्या स्टॉलवर माझी ट्रायल होती. नोकरी त्यावरच ठरणार होती.

एक अरबी गृहस्थ मुलीसाठी रायफल बघत होते. परदेशी शिकारीला जायचं होतं. "काळी लष्करी दिसणारी नको, शिकारीला लाकडीच," ते म्हणाले. मॅनेजरनेही मान डोलावली.

पण लाकडीचा खांद्याला टेकवायचा दस्ता मुलीला लांब पडत होता. मी धीर करून म्हटलं, "रायफल खांद्याला बसली नाही तर नेम चुकतो, जनावर जखमी होऊन तडफडतं. काळीचा दस्ता कमी-जास्त करता येतो."

तिने काळी धरली. अगदी बरोबर बसली.

"खलास, ठरलं, हीच," वडील हसले.

मॅनेजर म्हणाला, "उद्यापासून या."

आईला लगेच फोन केला. ती म्हणाली, "घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि बंदुका विकणार?"

तुमच्या घरी काय म्हणाले असते?